पुलाजवळचं लाल टिंब

रविवार, सकाळचे नऊ

प्रिय मार्विना,

पाकिटावर मी माझं नाव मुद्दाम घातलेलं नाही. घातलं असतं तर तू ते न फोडताच कचऱ्यात टाकलं असतंस. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मध्ये राग आला तर ऊठ, कॉफी कर, मला दोन शिव्या घाल आणि परत येऊन बस. फोन करता आला असता, पण फोनवर मी फार शहाण्यासारखी बोलते. आठ वर्षं टोपल्या विणणाऱ्या बायकांच्या संस्थेच्या बैठका घेऊन घेऊन माझ्या जिभेला एक सरकारी वळण लागलंय. आपली चूक सांगायला बसले तरी अहवाल वाचून दाखवल्यासारखं होतं. कागदावर निदान खोडावं लागतं, आणि खोडलेलं तुला दिसतं.

आधी इकडची खबर. तुझं मांजर माझ्याकडे आहे. तू रिनोला लेकाकडे गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी ते आपणहून आलं आणि माझ्या खुर्चीवर असं बसलं की मलाच परक्यासारखं वाटायला लागलं. यंदा ओकची फळं इतकी पडली आहेत की चालताना पायाखाली गडगडतात. डेल्फिना आजींनी शहाऐंशीव्या वर्षी तीन गोणी गोळा केल्या. आमची वांडा मदतीला गेली तर तिला म्हणाल्या, "तू गाडीत बस गं, तुझ्या पाठीला सोसायचं नाही." वांडा चाळिशीची आहे, आणि संस्थेच्या ऑफिसातली सगळी खोकी तीच उचलते. काल सभागृहात त्या फळांची पेज शिजवली. नेहमीसारखी पहिली कढई कडू झाली, आणि नेहमीसारखं प्रत्येकीने दुसरीकडे बोट दाखवलं. तुझ्या आईची आठवण निघाली. कोरा मावशी असती तर तिने एक चमचा तोंडात घेऊन कढई नुसती बाजूला सरकवली असती, आणि ते न बोलणंच सगळ्यांना जास्त लागलं असतं. तिला जाऊन दुसरा हिवाळा येतोय, तरी अजून आम्ही कढईपाशी तिच्यासाठी जागा सोडतो.

तुझे ओठ कसे आहेत? हे मी पहिल्याच ओळीत विचारायला हवं होतं. धीर झाला नाही. त्या दिवशी तू ऑफिसात आलीस तेव्हा खालचा ओठ इतका सुजला होता की तुझं बोलणंही नीट फुटत नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली लव्हाळ्याच्या मुळांची ओली जुडी तू माझ्या टेबलावर, फायलींवरच ठेवलीस. "लोइस, रस्तेवाल्यांनी आईच्या जागेवर फवारलंय. दोन आठवडे मी ही मुळं दातांत धरून सोलतेय. काठची पात पिवळी दिसत होती, मला वाटलं उन्हाळा कोरडा गेलाय. तुझा तो नकाशा कुठे होता गं? तुला तर जागा माहीत होती." एवढं बोलून तू गेलीस. मी तुझ्यामागे दारापर्यंत आले आणि तिथेच उभी राहिले. वांडाला वाटलं मी रागावलेय. तिने तिथल्या तिथे टाइपरायटर ओढला आणि तक्रार लिहायला घेतली.

ती तक्रार आता बरीच पुढे गेली आहे. रस्ते खात्याने करार मोडला, नकाशावर राखलेल्या जागेवर तणनाशक फवारलं, असा आपला आरोप आहे. गुरुवारी, म्हणजे अकरा दिवसांनी, सुनावणी आहे. आणि फवाऱ्याची गाडी चालवणाऱ्याला खात्याने त्याआधीच कामावरून काढून घरी बसवलंय. गाडीवर कोण होतं ते तुला माहीत नसेल. व्हर्नन. नदीच्या वरच्या वस्तीतला, दाढीवाला, ज्याची आजी वाळुंजाच्या काड्यांचे पाळणे विणायची तो. सतरा वर्षं त्या गाडीवर आहे. आपल्या बायका त्याला कधी सुखाने पेट्रोल भरू देत नाहीत. मागे डेल्फिना आजी पंपावर त्याला म्हणाल्या होत्या, "व्हर्नन, तुझी आजी वरून बघतेय हं." तो म्हणाला, "बघू दे ना आजी. आज तरी टाकीत पाणीच आहे." आजींनी टाकीला नाक लावून खात्री करून घेतली. असा हा माणूस आता घरी बसलाय, आणि आरोप सिद्ध झाला तर कायमचा बसेल.

मला हल्ली ती चार वर्षांपूर्वीची बैठक सारखी आठवते. तू तेव्हा ओकलंडहून नुकतीच कायमची परत आली होतीस आणि मागच्या रांगेत अंगावर कोट तसाच ठेवून बसली होतीस, केव्हाही उठून जायचं असल्यासारखी. फवारा निर्धोक आहे हे पटवायला खात्याचे हॅलोरन साहेब तक्ते घेऊन आले होते. त्यांच्या तक्त्यात माणूस रोज किती पालेभाजी खातो, किती पाणी पितो, किती माती त्याच्या अंगाला लागते, सगळ्याचे रकाने होते. शेवटी म्हणाले, "रस्त्याकडेच्या गवताचा माणसाशी संबंधच येत नाही. ते कोण खातं?" तुझी आई उठली. पिशवीतून एक मूळ काढलं, एक टोक दातांत पकडलं आणि दुसरं त्यांच्या हातात दिलं. "धर, बाळा. घट्ट धर, तोडू नकोस." आणि ते तीन हात लांब मूळ तिने दातांनी मधोमध चिरत चिरत नेलं, थेट त्यांच्या बोटांपर्यंत. मग तोंडातलं टोक काढून ती म्हणाली, "एका टोपलीला अशी पाचशे लागतात. सहाव्या वर्षापासून विणतेय. आता तुझ्या कागदावर याचा रकाना कुठे आहे ते दाखव." हॅलोरन साहेबांनी ते चिरलेलं मूळ खिशात घालून नेलं, आणि महिन्याभराने त्यांचं पत्र आलं: तुमच्या जागा नकाशावर दाखवा, आम्ही तिथे फवारणार नाही.

आम्ही जिंकलो असं आम्हांला वाटलं. वांडाने केक आणला. केक संपायच्या आत सगळ्यांच्या लक्षात आलं की हे भलतंच अवघड काम आपण अंगावर घेतलंय. आपल्यातली बाई तिच्या मुळांची जागा कुणाला सांगते? सख्ख्या जावेला सांगत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दगड वेचून, वाळू भुसभुशीत करून, मुळं सरळ वाढावीत म्हणून राखलेली जागा, ती सरकारी कागदावर टिंब लावून दाखवायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. डेल्फिना आजींच्या आईने एका प्राध्यापकाला जागा दाखवली होती. त्याने ती पुस्तकात छापली, आणि पुढच्या वर्षी तिथे लोकांनी फावड्याने खड्डे पाडले होते. ही गोष्ट आपल्याकडे लहान पोरींना अंगाईसारखी सांगतात. तेव्हा मी भिंतीवर नकाशा लावला, खाली लाल टिकल्यांचा डबा ठेवला, आणि पहिले तीन महिने बायका येत, नकाशासमोर उभ्या राहत, "छान रंग आहेत" म्हणत, कॉफी पीत आणि घरी जात. डब्यातली एक टिकली कमी झाली नाही. एक कमी झाली होती, ती वांडाच्या भाच्याने खाल्ली.

मग मी घरोघर हिंडायला लागले. दोन वर्षं हिंडले. पिठाचा डबा घेऊन जायचं, तळलेली भाकरी खायची, नातवंडांचे फोटो बघायचे, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला हळूच विषय काढायचा. मी त्यांना काय सांगायचे ते तुला ऐकवते, म्हणजे मी किती पोचलेली आहे ते तुला कळेल. मी सांगायचे, "आजी, खोटं टिंब लावण्यापेक्षा न लावलेलं बरं. एक टिंब खोटं निघालं तर साहेब म्हणतील बाकीचीही सगळी खोटी. एकीच्या लपवाछपवीत सगळ्यांच्या जागा जातील." हे मी हातावर हात ठेवून, डोळ्यांत बघून सांगायचे. आणि त्या लावायच्या. डेल्फिना आजींनी टिंब लावलं तेव्हा मला खोलीबाहेर काढलं, दार लावलं, आणि दार उघडल्यावर म्हणाल्या, "झालं. आता मी मेले तरी तू तिकडे पाय टाकायचा नाहीस." मी शपथ घेतली. खात्याला प्रत देण्यापुरती ती टिंबं मी हाताळली, पण आजतागायत कुणाच्या जागेवर गेले नाही. अशी तीस टिंबं झाली. एकतिसावं आपलं.

तुझी आई जिवंत होती तोवर तिने लावू दिलं नाही. "माझ्या मागे ज्याची जागा त्याने बघून घ्यावं," एवढंच म्हणाली. मी मान डोलावली. मग ती गेली. ती गेल्यावरच्या जेवणाच्या दिवशी तू भांडी आवरताना सहज बोललीस की एप्रिलमध्ये आईने तुला ओढ्यावर नेलं होतं, दिवसभर दोघी तिथे बसला होता, तिने तुला एकेक दगड कुठला कुणी हलवला ते सांगितलं. मी हसून "बरं झालं" म्हटलं आणि कॉफीची भांडी घासायला घेतली. ती आधीच घासलेली होती. त्यानंतर आपण दोघी नीट बोललोच नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. तुला वाटलं असेल मला मावशीचं दुःख आहे. ते होतंच. पण तुझ्याशी बोलणं टाळत होते ते दुःखाने नाही. मार्विना, मी तुझ्यावर जळत होते. तू अठराव्या वर्षी बसमध्ये बसून गेलीस, आणि मागे राहिले मी. तिची लाकडं मी फोडली, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेलं, तिच्या हाताखाली बावीस वर्षं बसून मी विणायला शिकले. तू कोट घालून परत आलीस आणि तीन वर्षांत तुला सगळं मिळालं. लेकीला आईकडून मिळतं, यात काय चुकलं? काहीच नाही. मला ते समजत होतं, गिळवत नव्हतं.

मार्चमध्ये नकाशा द्यायची शेवटची तारीख आली. तीस टिंबं लागलेली, आणि संस्थेची प्रमुख, कोरा मावशीची शिष्या म्हणून जिची ओळख करून देतात, तिच्याच घरचं टिंब नाही. वांडाने विचारलंच, "तुमचं राहिलंय ना?" मी म्हटलं, "लावते." ऑफिसात कुणी नसताना मी टिकली घेतली आणि जुन्या पुलापाशी, ओढ्याच्या डाव्या काठाला लावली. खात्याने करारावर सही केली. पेपरात फोटो आला. त्यात मी मधोमध उभी आहे, आणि दात दिसेपर्यंत हसतेय.

गेल्या बुधवारी दुपारी व्हर्नन माझ्याकडे आला. आत ये म्हटलं तर आला नाही. पायरीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि बराच वेळ तुझ्या मांजराशी बोलत राहिला. मला वाटलं हा आता माझ्यावर ओरडणार, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "लोइस, तुमचा नकाशा माझ्या गाडीत समोरच लावलेला असतो. प्रत्येक टिंबाच्या दोन्ही बाजूंना दोनशे पावलं सोडायची. मी तीनशे सोडतो. ऑगस्टमध्ये पुलापाशी गाडी थांबवून मी खाली उतरलो होतो. तिथे लव्हाळा नाहीये. काटेरी जाळी आहे, फुटक्या बाटल्या आहेत, आणि वाळू नाहीच, सगळा गोटा. मला कळलं की इथे कुणी मुळं काढत नसणार." मी विचारलं, "मग तू खात्यात सांगितलं का नाहीस? मला का नाही सांगितलंस?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी असभ्य बोलले. "दुसऱ्या घरच्या जागेबद्दल विचारायचं? माझ्या आजीने माझी जीभ उपटली असती. मी म्हटलं, म्हाताऱ्या बायांनी टिंब लावलंय, त्यांचं काहीतरी असेल. मी तीनशे पावलं सोडली आणि पुढे सुरू केलं. वर लव्हाळा दिसला मला. चांगला राखल्यासारखा दिसला. पण टिंब खाली होतं ना. मी म्हटलं, मग हा कुणाचा नसेल, आपोआपच वाढला असेल." एवढं बोलून त्याने डोळे पुसले. सतरा वर्षं विषाची गाडी चालवणारा माणूस माझ्या पायरीवर रडला, मार्विना, आणि मी त्याच्या शेजारी बसून होते.

मी त्याला म्हटलं, "व्हर्नन, टिंब मी लावलं. मुद्दाम खाली लावलं. जागा कुणाला कळू नये म्हणून." त्याने लगेच मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताणच गेला. आपल्यात हा गुन्हा नाही ना. उलट घरची जागा राखण्यासाठी सरकारला चकवलं म्हटलं की म्हाताऱ्या पाठ थोपटतील. तो म्हणाला, "मी गुरुवारी काही बोलणार नाही. म्हणतील ते म्हणू देत. पण तू बोललीस तर बरं. मला घरी तीन माणसं आहेत." जाताना फाटकापाशी थांबला आणि म्हणाला, "वरच्या अंगाचा लव्हाळा अजून हिरवा आहे. अर्धी जागा जगेल. पण पावसाआधी त्या रस्त्याची अजून एक फेरी आहे, आणि आता गाडीवर दुसरा माणूस असेल. तो तीनशे पावलं सोडणार नाही." मी विचारलं, "वर म्हणजे नेमकं कुठे?" तो टोपी डोक्यावर घालत म्हणाला, "ते मी कसं सांगू? जागा तुमची आहे."

गुरुवारी मी उभी राहणार आणि सांगणार की टिंब चुकीचं होतं, चूक माझी, व्हर्ननने नकाशाबरहुकूम काम केलं. हे ठरलंय, त्यात आता मागे फिरणं नाही. वांडाला काल सांगितलं. ती म्हणाली, "खोटं टिंब लावू नका म्हणून तीस बायकांना तूच सांगायचीस ना?" मी हो म्हटलं. ती उठून गेली आणि थोड्या वेळाने तोंड धुऊन परत आली. डेल्फिना आजींकडे आज दुपारी जाणार आहे. त्या मला दारात उभं करतील की आत घेतील ते माहीत नाही. मी उगाच जिवाला लावून घेते असं समजू नकोस, लावून घ्यायलाच हवंय. तुझ्या सुजलेल्या ओठांचं काय करू? डॉक्टर म्हणाले की फवाऱ्याने झालं की कशाने, खात्रीने सांगता येत नाही. तक्रारीची जी प्रत तुला आली असेल तिच्यात तेही असेल. मला खात्रीची गरज नाही. तू दोन आठवडे ती मुळं तोंडात धरलीस, आणि त्या काठावर फवारा चालला तो माझ्या टिंबामुळे. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. इथे दात माझे होते.

एवढ्याचसाठी लिहायचं असतं तर पत्र इथे संपलं असतं, आणि तू मला जन्मभर माफ केलं नसतंस तरी माझा मान राहिला असता. पण व्हर्ननला जे सांगितलं ते खोटं आहे. मी जागा लपवली नाही. मला ती माहीतच नाही. कधीच नव्हती. बावीस वर्षं तुझी आई दर शरद ऋतूत ओल्या बुटांनी माझ्या दारात यायची, मुळांची जुडी माझ्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "सोलायला घे." कधी म्हणाली नाही की चल. मी वाट बघत राहिले, आणि लोक म्हणायला लागले की कोराने लोइसला सगळं दिलं, तेव्हा मी त्यांना नाही म्हटलं नाही. एकदा नाही म्हटलं नाही की मग पुढे म्हणता येत नाही. मार्चमध्ये तुला एक फोन केला असता तर तू सांगितलं असतंस, किंवा नसतं सांगितलं, पण मला विचारावं लागलं असतं, आणि तुला कळलं असतं. म्हणून मी तिच्या बुटांचा चिखल आणि ती पायी यायची ती वाट, एवढ्यावरून अंदाज केला आणि टिकली लावली. त्या जागेवर विष पडलं ते माझ्या एका फोनच्या आळसाने नाही, माझ्या तोऱ्याने. आता गुरुवारी मी टिंब चुकलं म्हणू शकते, पण बरोबर टिंब कुठे ते सांगू शकत नाही. आणि ते सांगितलं नाही तर हॅलोरन साहेब बाकीच्या तीस टिंबांवरही काट मारतील, आणि तुझ्या आईची उरलेली अर्धी जागा पावसाआधी जाईल. ते फक्त तुला सांगता येतं. नकाशाचा ओढ्याकडचा तुकडा सोबत ठेवलाय, दोन लाल टिकल्याही आहेत, एक हरवली तर असू दे म्हणून. लावायचं की नाही हे तू ठरव. नाही लावलंस तर मी तिथे सांगेन की ती जागा दाखवण्याचा हक्क ज्यांचा आहे त्यांनी दाखवली नाही, आणि जे होईल ते सोसेन. लावलंस तर पाकीट घट्ट चिकटव आणि वर वांडाचं नाव घाल. ती ते बंद पाकीट थेट साहेबांच्या हातात देईल. त्या वेळी मी खोलीबाहेर जाऊन उभी राहीन.

तुझीच,
लोइस